चाळीसगाव, उतरून

मे महिन्यात भुसावळला कुणी कुणाला फारसं विचारत नाही,
कूलरमध्ये पाणी टाकलं का, एवढंच.
तरी नेहेते काकू आल्या,
केळीच्या वेफरची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या,
म्हणाल्या, दाखव बरं तुझं युरोप.

मी फोन दिला.
त्यांनी बोटानं शहरं सरकवली,
प्राग, क्राकोव, व्हेनिस, परत प्राग,
आणि म्हणाल्या, सगळीकडं एकच कोट.
खरं होतं.
दोन हिवाळे त्या एका कोटात काढले मी.
शुक्रवारी लॅब सुटली की केम्निट्झहून रात्रीची बस,
तिकीट नऊ युरो,
डब्यात गार भात, वर शेंगदाण्याची चटणी.
शेजारचा प्रवासी खिडकीकडं सरकायचा
आणि थोड्या वेळानं विचारायचा, हे काय आहे?

बाबांनी फोटो पाहिले नाहीत.
एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड,
त्यांचे प्रश्न वेगळे.
प्रागच्या जुन्या घड्याळातून दर तासाला बाहुले निघतात,
गर्दी माना वर करून उभी असते, हे सांगितलं,
तर म्हणे, "टाइम बरोबर दाखोत होतं का वं?"
व्हेनिसला गाडी पाण्यावरून जाते म्हटल्यावर
खाटेवरचे पाय त्यांनी खाली घेतले.
"तठी स्पीड किती देतात?"
मला माहीत नव्हतं.
जर्मनीत माझी गाडी सत्तर मिनिटं लेट झाली
ती हकीकत मात्र तीनदा सांगायला लावली,
तिसऱ्यांदा आईलाही हाक मारून.

क्राकोवला एका उंच मनोऱ्यावरून
दर तासाला एक जण बिगुल वाजवतो
आणि सूर मध्येच तोडतो. रोज. शेकडो वर्षं.
का तोडतो त्याची गोष्ट मी सुरू केली,
बाबा म्हणाले, "मधीच कोनी लाल दाखोला असन."

रात्री गच्चीवर खाटा टाकल्या.
दीपनगरच्या चिमण्यांचे दिवे दिसत होते,
यार्डात डबे एकमेकांना धडकत होते,
आणि मी जे फोनमध्ये नव्हतं ते सांगितलं.
व्हिएन्नाचा राजवाडा मी बाहेरून पाहिला, तिकीट परवडेना.
परतीची बस चुकली.
रात्रभर स्टेशनच्या बाकावर, सॅकचा बंद मनगटाला गुंडाळून.
एक पोलीस बाई दोनदा येऊन गेली.
पहाटे एक माणूस फरशी धूत माझ्यापर्यंत आला,
मी पाय वर घेतले, तो पुढं गेला.
व्हिएन्ना म्हणजे एवढंच, बाबा.

ते बराच वेळ बोलले नाहीत.
मला वाटलं, झोपले.
"मंग तू बी माह्यासारखीच.
चाळीसगावले किती डाव उभा राह्यलो असन मी,
लूपवर, दोन-दोन घंटे.
ब्रेकव्हॅनमधून एक टाकी दिसे, एक लिंब.
एक बाई लिंबाले शेळी बांधे.
शेळ्या बदलल्या, बाईचे केस पिकले.
गाव नही पाह्यलं."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो.
आईनं कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधल्या,
जसं कुठं लांब चाललोय.
बाबांनी पँटला इस्त्री केली, पास असून तिकीट काढलं,
आणि खिडकी मला दिली.

चाळीसगावला उतरलो तेव्हा अकरा मिनिटं उशीर होता.
घड्याळ पाहून त्यांनी तो आकडा मला सांगितला,
मग शेवटचा डबा जाईपर्यंत जागेवरून हलले नाहीत,
मागच्या गार्डाला हात केला,
त्यानंही केला.

फलाट रिकामा झाला.
माझ्या वडिलांनी आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं,
आणि चहाच्या गाड्याजवळ जाऊन
जरा हळूच विचारलं,
"भाऊ, गाव कोन्त्या अंगाले?"

चहावाल्यानं दोन्हीकडं हात केले.

बाबांनी आधी चहा घेतला.