डावी बाजू

जिल्हा कोर्टात एकतीस वर्षं मी निकाल टाइप केले.
दोन कार्बन, तीन प्रती.
सगळ्यांत लांब शब्द होता जन्मठेप,
आणि त्यालाही टोक होतं:
सूट, चांगली वर्तणूक,
एखाद्या पंधरा ऑगस्टला उघडणारं दार.

सार्वकालिक हा शब्द बाबांचा.
बर्नबा मास्तर शरणपूरच्या शब्बाथ शाळेत
फळ्याच्या मधोमध रेघ ओढायचे,
उजवीकडे मेंढरं, डावीकडे शेरडं,
आणि डाव्या कोपऱ्यात लाल खडूनं
कधीच न विझणारं ते.
लाल खडू लवकर संपायचा.
बाबा खिशातून दुसरा काढायचे.

आठ वर्षांची होते. विचारलं,
डावी म्हणजे कुणाची, त्याची की आपली?
तो तर समोरून बघणार ना?
बाबा पट्टी उचलायला गेले
आणि नुसतेच माझ्याकडे बघत राहिले.
देवळात आम्ही बाया डावीकडे बसायचो.
वेदीकडून पाहिलं तर उजवीकडे.
त्या रविवारी आईच्या मांडीवर मी निवांत झोपले.

नथनिएल माझ्या पाठचा.
पतपेढीचे अठरा हजार, साडेतीन वर्षं.
निकाल शेजारच्या टेबलावर टाइप झाला,
टकटक मला ऐकू येत होती.
शालिमारवरून नाशिकरोडला थेट बस,
जेलच्या फाटकाशी उतरवते.
मी गेले नाही.
लोक काय म्हणतील, हे एक.
आणि खरं सांगायचं तर
मला वाटायचं, शिक्षा म्हणजे शिक्षा.

गोदूबाई जायची.
गंगेवर द्रोण विकणारी, कपाळभर कुंकू,
सासू होती तोवर आमच्या घरचं पाणी न पिणारी.
भाकरी आत घेत नसत.
मग फुटाण्यांची पुडी. तीही घेत नसत.
मग नुसतीच जाळीपाशी उभी राहायची.
"भाऊ लई वाळलाय गं," उंबऱ्यावर टेकून सांगायची,
आणि मी गॅसवरचं दूध बघायला आत जायचे.

दुसऱ्या थंडीत तो गेला. सिव्हिलमध्ये, छातीच्या रोगानं.
पाळकांनी दफनविधीला सोपी वचनं निवडली.

आता तो अध्याय निघाला की
आगीचं मला काही वाटत नाही.
मखमलाबादकडे छाटणीनंतर काड्या पेटवतात,
धूर, निखारे, मग राख,
पोरं त्यात रताळी भाजतात.
भीती वाटते त्या एका वाक्याची:
मी तुरुंगात होतो.
पुढे पूर्णविराम.
अपील नाही, तारीख नाही,
वकील उठून काही म्हणत नाही.

गोदूबाईला तिथं उभं केलं तर ती चक्रावेल.
म्हणेल, तुमच्याकडं कवा आले मी?
मी तर नथूभाऊकडं जायचे.

एकदा माझा कार्बन उलटा लागला होता.
अख्खा निकाल मूळ प्रतीच्याच पाठीवर
उलट्या अक्षरांत उमटला.
साहेब म्हणाले, परत मारा.
तो कागद मी घरी आणला, का ते माहीत नाही,
आणि परवा कपाटाच्या आरशासमोर धरला.
डावीकडचं उजवीकडे गेलं,
ओळ न् ओळ वाचता आली, आरोपीच्या नावासकट.
कागदाच्या वर माझा चेहरा होता.
तोही उलटाच दिसत असणार.