नवव्या ओळीपाशी

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात
लसींच्या फ्रीजशेजारी, जिथं चालू प्लग आहे, तिथं माझं टेबल.
त्यावर सकाळपासून दुसरं टेबल बनवतेय,
पायांचं नाही, रकान्यांचं.
देवणी गायींसाठी :
बिल्ला, नाव, आईचं नाव, गट, जन्म, मालक, गाव.
वर एक ओळ नावाची, खाली एक कंस.
नऊ ओळी.

एंटर.
चूक, पाचव्या ओळीपाशी.

गट मी इंग्रजीत लिहिला होता,
आणि तो शब्द यंत्राचा निघाला.
काही शब्द त्यानं आधीच धरून ठेवलेत,
लातूर गाडीत खिडकीतून रुमाल टाकावा तसे.
भांडून उपयोग नाही.
मी लिहिलं, वाण.

चूक, पाचव्या ओळीपाशी.

वाण तीन : बाळंक्या, वान्नेरा, शेवरा.
शेवराच्या मागचं अवतरणचिन्ह राहिलं होतं,
म्हणजे दाव्याची गाठच मारली नव्हती,
आणि शेवरा निघाला चरत खाली,
जन्म खाल्ला, मालक खाल्ला, अख्खं गाव खाल्लं,
यंत्राला वाटलं, हे सगळं एका गाईचं वर्णन आहे.
आणून बांधला.

चूक, नवव्या ओळीपाशी.

नवव्या ओळीत फक्त कंस आहे.
गोल आहे, बंद आहे, काय बिघडलंय त्याचं?
पुसला, परत काढला,
बटण जरा रागानं दाबून.
नवव्या ओळीपाशी.
पाशी, म्हणे.
ठेच कुठं लागली तेवढं सांगतं हे,
दगड कुणी कुठं ठेवला ते
तुमचं तुम्ही बघा.

इनायतमामू बघत होते मागून.
एकतीस वर्षं या दवाखान्याचं रजिस्टर त्यांनी ओढलं,
लाल शाई, फूटपट्टी, आणि पट्टीखाली एक नाणं
म्हणजे शाई पसरत नाही.
रिटायर होऊन चार वर्षं झाली, चहाला येतात.
गावाच्या ओळीवर बोट ठेवलं त्यांनी, काचेला ठसा उठला.
"ये क्या लटक रा?"
स्वल्पविराम, मामू. मागं अजून कुणीतरी आहे, असं सांगतो.
"तो गाव के पिच्छे कौन है?"
कुणी नाही. गाव शेवटचं.
"फिर हात कायकू पसारता उने?"

पुसला.
एंटर.
ठीक. शून्य ओळी.

मी खुर्चीत मागं रेलले, पंखा पहिल्यांदा ऐकू आला.
इतकं बिनचूक रिकामं
मी आजवर काही केलं नव्हतं.

सव्वाबाराला सोजराबाई केंद्रे आल्या, मलकापूरच्या,
कालवड घेऊन.
नाव मैना. आई गंगी. वाण वान्नेरा,
अंग पांढरं, तोंड काळं, जसं चुलीत घालून काढलंय.
जन्मतारीख?
"चिंचा झोडीत होतो बगा, तवा."
कोणती तारीख, मावशी?
"आता चिंचंला काय तारीख असती का माय."

तारखेशिवाय ओळ घ्यायला तयार नाही ते.
सक्तीचं आहे. मीच केलंय.
यावेळी ओळ क्रमांक नाही, कंस नाही,
व्याकरण सगळं बरोबर.
सोजराबाई माझ्याकडं बघतायत, मैना माझ्या ओढणीकडं.

टेबल रिकामंच होतं. पाडलं.
परत नऊ ओळी. सक्ती काढली जन्मावरची.
गावाच्या खाली एक रकाना नवा : खूण.
त्यात काय येईल, किती लांब येईल,
मला अजून माहीत नाही, जागा सढळ ठेवली.
आणि गावाच्या मागं
मघाशी पुसलेलं ते इवलंसं आकडं
परत काढलं.

मामूंनी चष्मा कपाळावर चढवला.
"अब है पिच्छे कोई?"
हाव, मामू.

ठीक. एक ओळ.
मैना, गंगीची, वान्नेरा. जन्म कोरा.
खूण : चिंचा झोडीत होतो तवा.
तेवढ्यात ओढणीचं टोक गेलंच तिच्या तोंडात.