झाकण उघडलं

फ्लीटवूडला हिल्डा थ्रेलफॉलकडे भाड्यानं राहायला गेलो,
पहिल्याच आठवड्यात तिचा निळ्या काठाचा कप
सिंकमध्ये गेला.
मी म्हणालो, द कप ब्रोक.
टॉवेलला हात पुसत ती म्हणाली,
"असं? कंटाळला असेल बिचारा."

वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं कोर्टात टायपिस्ट.
स्वतःच्या भाषेतल्या क्रियापदांवर तिचा विश्वास नव्हता.
बघ, म्हणायची, ब्रोक.
पोरानं काच फोडली तरी ब्रोक,
काच आपली आपण फुटली तरी ब्रोक.
कर्ता उठून गेला तर
खुर्ची गरम आहे की गार, कळायला मार्ग नाही.

मग मी जरा ऐटीत आमचं सांगितलं:
फुटणं, फोडणं. तुटणं, तोडणं.
हात लागला की उकाराचा ओकार होतो,
ट चा ड होतो,
गुन्हेगार अक्षरावर ठसा ठेवून जातो.
बोट बुडते. बुडवली, तर मध्ये एक 'व' येऊन बसतो
साक्षीला.
आणि 'माझ्या हातून फुटला' असंही म्हणतो आम्ही;
हात माझाच, पण मन नव्हतं त्यात.

"हातून," ती म्हणाली. दोनदा म्हणून पाहिलं.
"हे मला हवं होतं तेव्हा."
आणि कपाचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले.

फेब्रुवारीत, समुद्राकडची खिडकी धडधडत असताना,
तिनं सांगितलं.
'एल्सी ग्रे' नावाचा ट्रॉलर, आइसलँडच्या वाटेवर.
नऊ गेले होते, दोन परत आले.
चौकशीला डेरिक बिबी, वय सतरा,
कुणाचा तरी उसना कोट घालून उभा राहिला
आणि कुणी न विचारताच म्हणाला,
मी झाकण उघडलं.
तेवढ्या लाटेत उघडायला कुणी लावलं
ते बोलला नाही. तो माणूस तळाशी होता.

लघुलिपीत 'मी' म्हणजे एक बारीकशी रेघ.
रात्री टाइप करताना तिनं लिहिलं:
झाकण उघडलं.
साहेबांनी सही केली.
"वाक्य शुद्ध होतं," हिल्डा म्हणाली. "व्याकरणाची एक चूक नाही."
मग माझ्याकडे बघून,
"तुमच्यात नसतं जमलं, नाही का?
क्रियापदानं चुगली केली असती."

मी तोंड उघडलं.
फोडणं, तोडणं, बुडवणं, सगळी हजर होती.
हे एवढं एक नव्हतं.
मी झाकण उघडलं.
झाकण उघडलं.
आमच्यात तर शब्द जागचे हलवावेही लागत नाहीत;
एक 'मी' पाण्यात पडतो
आणि मागे वाक्य तसंच तरंगत राहतं.
तिला हे सांगितलं नाही मी.
चहा गार झाला.

दर शुक्रवारी कुणीतरी
पायरीवर कागदात गुंडाळलेला हॅडक ठेवून जातं.
बेल वाजत नाही.
पडद्याआडून एक वाकलेली पाठ, टोपी,
कोपऱ्यावर वळेपर्यंत.
हिल्डा दार उघडते, वाकते, पुडकं उचलते.
"मासा आला," म्हणते.