शेअर रिक्षा, दुपारी अडीच

सात रस्त्याला मी चढलो तेव्हा
ती आधीच झोपलेली.
मांडीवर रिकामं सूप
आणि बोटं मात्र चालू –
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
तरी वळतायत,
टोक दुमडतायत.

समोरचा, टॉवेलांचा गठ्ठा धरलेला,
फोनवर तेलुगूत कुणावर तरी तापला होता;
त्यानं आवाज खाली घेतला.
मी उगाच मोजू लागलो,
अकरा, बारा...
चौदाव्या विडीला खड्डा आला.

"अशोक चौक?"
"मागं गेला की, अक्का."
आमच्यातल्या कुणीच उठवलं नव्हतं.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं,
भर उन्हात रिक्षा वळवली.
मला उशीर होत होता.
बोललो नाही.

उतरताना तिनं सूप झटकलं.
चिमूटभर भुकटी
माझ्या चपलेवर.