काकणभर

फिलाखच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
चोवीस चिप मोजून झाल्या होत्या.
दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज,
म्हणजे उत्तर शून्य यायला हवं होतं.
आलं: तीन पूर्णांक एक. उणे चार. अडीच. उणे एक.
मिलिव्होल्टच ते. पण आमचा सेन्सर
ज्या कुजबुजीला कान देणार होता
ती त्याहून बारीक होती.

मी म्हणालो, दोन्ही ट्रान्झिस्टर मीच काढले,
एक काढला, दुसरा त्याचीच नक्कल.
फरक येईलच कुठून?

नेझा वुटेनं चष्मा कपाळावर सरकवला.
"काढलेस तू सारखे. झाले नाहीत."

डब्यातले दोन पाव तिनं टेबलावर ठेवले,
खसखस लावलेले.
"मोज. याच्यावर चार दाणे काकणभर जास्तच निघतील.
भेसळीचे अणू असेच पडतात, भुरभुरत.
बेकरीवाल्याशी भांडून उपयोग नाही.
पाव मोठा कर,
मोठ्या पावाला चार दाणे कळत नाहीत."

चौपट जागा, निम्मी चूक.
चौपट जागेचे पैसे कोण देणार
हे त्शेर्नुटर साहेबांनी विचारलं, लगेच, उभ्या उभ्याच.

मग तिनं माझ्या जुळ्यांचे तुकडे केले
आणि तिरपे मांडले:
अ ब
ब अ
तबकडीला उतार असतो, थर एकीकडे जाड होत जातो,
आणि उतारावर दोन भावांना घर द्यायचं
तर दोघांनाही एक खोली वरची, एक खालची.
सगळ्यांची तोंडं एकीकडेच.
वरून तार न्यायची तर दोघांवरून,
नाहीतर कोणावरूनच नाही.
तापणारा भाग दोघांपासून सारखाच लांब.
डावं-उजवं करायचं नाही, म्हणाली,
आणि स्वतः डाव्या हातानं माउस फिरवत राहिली.

"आणि कडेचे हे दोन?"
"डमी."
गेट जमिनीला बांधलेलं, प्रवाह नाही, काम नाही.
कोरणारा वायू कडेच्याला जास्त खातो,
तर ह्यांना खाऊ दे.
आतल्यांना दोन्हीकडे शेजार मिळाला, बास.

नंतर बराच वेळ फक्त माउसची टिकटिक.
मग, पडद्यावरची नजर न काढता:
तिच्या गावच्या गायनवृंदात वडील खर्जात गायचे, फ्लोरियान.
त्यांच्या घरच्या भाषेत वडिलांना 'आता' म्हणतात,
जी शाळेत बोलली की बाक बदलायला लावायचे.
घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला,
तरी आता दर रविवारी रांगेच्या टोकाला उभे.
अकरा वर्षं. ओठ हलवत.
शेजारच्या यानेझला
रांग आपल्यापाशी संपते असं वाटू नये म्हणून.
वाटलं की त्याचा सूर उतरायचा.

"अजून उभे राहतात?"
"आता नाही," ती म्हणाली.

मार्चमध्ये नवी सिलिकॉन आली.
शून्य पूर्णांक चार. उणे तीन दशांश. दोन दशांश.
उरलेल्यासाठी आम्ही इनपुटची अदलाबदल लावली,
सेकंदाला पन्नास हजार वेळा,
म्हणजे चूक क्षणभर याची, क्षणभर त्याची,
आणि मग इतकी उंच फडफडते
की फिल्टर तिला सहज पुसून टाकतो.
त्शेर्नुटर साहेबांनी केक मागवला.

तपासणीचा प्रोग्राम दरवेळी कुरकुरतो:
कडेला दोन अनोळखी, कशाला जोडलेत?
मी त्यांना नकाशात नावं दिली आहेत.
ती कुठली, हे नेझानं पाहिलंय, बोलली नाही.

फक्त सतरा नंबरची चिप.
अदलाबदल थांबवून मोजली की
दोन पूर्णांक नऊ.
सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, पुन्हा घेतली.
ना ओरखडा, ना धुळीचा कण.
निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरताना
तिनं ती रुमालात गुंडाळली, खिशात टाकली,
आणि पावती करू का विचारलं
तर म्हणाली, कसली?