साठ कोयी

आसोलीच्या उतारावर बाबलो केरकराचा हळद्या आडवा पडला
वैशाखातल्या वादळात, रात्री कधीतरी.
सकाळी अर्धी मुळं वर, आभाळात लोंबलेली,
अर्धी अजून मातीत
आणि पानं हिरवीच.
पानांना कोणी कळवलंच नव्हतं.

लाकडाच्या गिरणीवाला टेप घेऊन आला.
बुंधा मोजला, मनात फळ्या पाडल्या:
"पेट्यांना चालेल."
बाबलो म्हणाला, आषाढ लागूदे.
का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

हळद्या रायवळ.
नर्सरीच्या पाटीवर त्याचं नाव नाही, वाशीत त्याला भाव नाही.
लिंबाहून जरा मोठं फळ, चोखून संपता संपता जिभेवर
ओल्या हळदीच्या पानाचा वास.
बस, एवढंच.
एवढ्यासाठी कोणी झाड वाचवतं का, मालकाने विचारलं.
मी म्हटलं, पिशव्यांचे पैसे पगारातून कापा.

फिलू डिमेलोने मला कलम शिकवलं, बारा वर्षांपूर्वी,
तेव्हा तिला पात्याची धारही नुसती बघून कळायची.
आता डोळ्यांत मोतीबिंदू.
"कोय पुरलंस तर तेचा पोर येतला गो, तो नाय येवचो.
तोच व्हयो तर काडी बांधूक व्हयी."

मग पडलेल्याच्याच साठ कोयी,
काही मी चोखलेल्या, काही शाळेतल्या पोरांकडून चोखवून घेतलेल्या,
वाळूच्या वाफ्यात, पोट खाली करून.
फिलूने हट्टाने दोन गुट्या बांधल्या, शेवाळ भरून, सुतळीने.
आंब्याला गुटी सहसा धरत नाही हे तिनेच मला शिकवलेलं.
दोन्ही कुजल्या.
ती काही बोलली नाही, नुसता हात हुंगला.

रोज कामावरून सुटल्यावर मी अर्ध्या मुळांना दोन कळश्या घालायची.
जी शेंड्याची फांदी जन्मभर फक्त कावळ्यांनी पाहिली
ती माझ्या गुडघ्याशी टेकलेली.
काडी कापायच्या दहा दिवस आधी तिची पानं छाटली, देठ ठेवून,
म्हणजे डोळे फुगतात.
पडलेल्या झाडाचे डोळे फुगले.
मला वाटलं नव्हतं.

कोंब आले, तांब्याच्या तारेसारखे, लवलवीत.
कोंबाचं डोकं उडवायचं, मधोमध चिरायचं,
काडीला पाचर करून आत बसवायची, सालीला साल,
पट्टी करकचून,
वर टोपी पेप्सीच्या पिशवीची. पोरांनी दोन-दोन रुपयांची पेप्सी खाऊन
पिशव्या धुऊन आणून दिल्या.
प्रत्येक काप फिलू अंगठ्याने तपासायची.
"ह्यो वाकडो. परत."
कोयीचं दूध तिच्या नखांत काळं पडलं.

आषाढात गिरणीवाल्याचा टेम्पो आला.
आम्ही दोघी शेडमध्येच होतो.
करवत दुपारी जेवणापुरती थांबली, मग संध्याकाळपर्यंत.

एकविसाव्या दिवशी टोप्या काढायला घेतल्या.
काळी काडी, काळी काडी, बुरशी, काळी,
मग एक डोळा, तांदळाच्या कणीएवढा.
साठातले अकरा.
फिलूने अकराही चाचपले, परत मोजले, परत अकराच.
बाबलोला सांगितलं तर म्हणाला, "एक माका."
आणि बांधावर जाऊन खड्ड्याची जागा पायाने आखून आला,
जुन्या खड्ड्यापासून चार हात बाजूला.

आता खुंटाला खालून धुमारे येतात.
रोज खुडावे लागतात, नाहीतर कोय स्वतःच वाढायला लागते
आणि वरचा हळद्या उपाशी मरतो.
पोराने बापाला अंगावर घ्यायचं आणि स्वतः वाढायचं नाही,
असा हा धंदा.
मी खुडते. अकराही पिशव्यांतले खुडते.

पण मेलेल्यांच्या रांगेत, कडेला,
एका कोयीने काळ्या काडीच्या खालून आपलं पान काढलंय.
त्याला हळदीचा वास येईल की नाही, सात-आठ वर्षं कळणार नाही.
फिलूला विचारलं, उपटू?
ती पाटावरून उठली, भिंत धरत.
"पाणी घाल त्येका," म्हणाली.

बाकीच्यांना चिठ्ठ्या लावल्यात, शिसपेन्सिलीने: हळद्या, हळद्या, हळद्या.
ह्याची चिठ्ठी कोरी बांधून ठेवलीय.