तीन नंबर, नाहीतर चार

आउने राउतिओ बाई फोनवर एवढंच म्हणाल्या,
'डबा मेला,'
आणि फोन ठेवला.
म्हणून दुकान भावावर टाकून
अकरा मैल आलो, तळ्याला वळसा घालून,
खिशात पक्कड, मागच्या सीटवर
वायरचं भेंडोळं आणि त्यांचा राईचा पाव.

डबा मेला नव्हता.
हिरवा दिवा होता, पाठ कोमट होती,
टीव्ही मात्र सात नंबरवर जाऊन बसलेला.
तीन नंबर, बाई, नाहीतर चार.
डब्याला टीव्हीत शिरायला ही दोनच दारं.
'उर्होनं तीन कधी लावला नाही.
तीनवर काही नसायचंच.'

तीनवर लागलं. म्हणजे काय लागलं :
बातम्या देणारीचं अर्धं तोंड,
उरलेल्या अर्ध्याचे चौकोन,
एक शब्द, मग गप्प,
मग भलत्याच वाक्याचं शेपूट.
मग निळा पडदा. सिग्नल नाही.

आधीचं चित्र मरायला वेळ घ्यायचं.
वारा सुटला की माणसाशेजारी त्याचं भूत,
बर्फाच्या वादळात मुंग्याच मुंग्या,
पण मुंग्यांच्या पलीकडून
कुणीतरी हवामान सांगतच असायचं.
हे नवं म्हणजे एक घाव दोन तुकडे.
आहे तर मिशीतला केस न केस,
नाही तर नाही.

मागची पिन काढली, तांब्यावर हिरवं चढलं होतं.
खरवडलं. चॅनेल पुन्हा शोधायला लावले.
बारापैकी दोन सापडले,
एकावर प्रवचन, एकावर तव्याची जाहिरात.
'मार्चमध्ये तर सगळे दिसायचे.'
मार्चमध्ये, बाई, तुमच्या बर्चला पानं नव्हती.
दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं.
मे महिना होता, तिकडे तो उशिरा येतो
आणि आला की सगळं एकदम उघडतो.
'झाड तोडणार नाही.'
तोडा म्हटलंच नव्हतं मी.

छपरावर अँटेना ताठ उभी,
खांबाच्या कॉलरवर एक लाल रेघ.
गंज नव्हे. नेलपॉलिश.
'रेघ हलवू नकोस!' खालून ओरडल्या.
'त्यानं तिथंच धरून ठेवली होती,
उणे वीसमध्ये, मी बाटली शोधेपर्यंत!'

मी हलवली.
बर्च आणि सौनाच्या धुराड्यामधल्या
फटीकडे, बोटभर.
उघड्या खिडकीतून त्या सांगत होत्या,
पहिल्यांदा इंग्रजीत, मग घाईघाईत आईच्या भाषेत :
एइ. एइ. ओन! एइ.
नाही, नाही, आहे, नाही.
पाच मिनिटं मी तिकडं वर
आहे-नाहीच्या मध्ये
एक पाना घेऊन उभा.
ओन.
ओन.
ओन, थांब तिथंच.

नट आवळला. रेघ आता
कशाच्याच समोर नव्हती.

खाली आलो तर हॉकी चालू होतं.
बाई खुर्चीच्या कडेला, चष्मा कपाळावर.
'पक दिसतोय,' म्हणाल्या.
'चाळीस वर्षं मुंग्यांत काही दिसायचं नाही,
उर्हो सांगायचा : आता डावीकडे, आता कोपऱ्यात, आता गेला आत.
त्यालाही दिसत नसणार.'
मग बराच वेळ गप्प.
'लबाड,' म्हणाल्या. पाव कापायला उठल्या.

मी पक्कड खिशात टाकली.
दर आठवड्याला चॅनेल शोधत जा,
वारा झाला तर फोन करा,
तीन नंबर विसरू नका.
'विसरले नव्हते.
सातवर मीच लावला होता.'
सातवर काही नाही, बाई. स्टेशन बंद झालं, जून गेला की वर्ष होईल.
'माहीत आहे. लाव.'

डबा बंद केला, सात लावला.
काळ्यापांढऱ्या, दाटीवाटीनं,
कुठूनही न येणाऱ्या.
बाईंनी आवाज थोडा वाढवला
आणि पावाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला.
मी खाली बसलो तसाच बसून राहिलो.
मला जायचं होतं,
पण पायालाही आल्या होत्या.